रुळांकाठचे संसार

मुंबईचा नकाशा ज्यांनी कधी निरखून पाहिला असेल, त्यांच्या ध्यानात आले असेल की हे शहर लांबीला उदार आणि रुंदीला मोठे कृपण आहे. सात बेटे भराव घालून एकमेकांना जोडली गेली आणि त्यांतून समुद्रात उतरत गेलेली एक चिंचोळी पट्टी तयार झाली. बंदर, पेढ्या, सरकारी कचेऱ्या आणि एके काळच्या कापडगिरण्या हे सारे या पट्टीच्या दक्षिण व मध्य भागांत वसले. राहावयास जागा मिळाली तर ती उत्तरेकडे. त्यामुळे सकाळी माणसांचा लोंढा दक्षिणेकडे वाहावा आणि दिवेलागणीला तो उत्तरेकडे परतावा, असा या शहराचा नित्यक्रम ठरून गेला. अलीकडे वांद्रे-कुर्ला संकुल, अंधेरी, पवई अशा ठिकाणी नवी कामाची स्थाने उभी राहिली आहेत. तरी लोंढ्याचा मूळ कल बदलला आहे असे नाही.

हा लोंढा वाहून नेण्याचे काम मुख्यतः रेल्वे करते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यास पहिली गाडी गेली आणि ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला या हार्बर मार्गावर विजेची गाडी धावू लागली. पश्चिम, मध्य आणि हार्बर अशा तीन मार्गांवरून २०२० पूर्वीच्या काळात दर दिवशी पंचाहत्तर लाखांच्या आसपास प्रवासी जात-येत असत. नऊ डब्यांच्या गाडीत बसून व उभ्याने मिळून सतराशे-अठराशे माणसे मावावीत असा हिशेब असताना गर्दीच्या वेळी तीत साडेचार हजारांहून अधिक माणसे चढत. रेल्वेच्या अभियंत्यांना या अवस्थेसाठी एक निराळा पारिभाषिक शब्दच घडवावा लागला. एका चौरस मीटर जागेत चौदा ते सोळा उभी माणसे, असा त्याचा अर्थ. इंदूर, बडोदे किंवा हैदराबाद येथे राहणाऱ्या मराठी श्रोत्यांना ही संख्या अविश्वसनीय वाटेल. त्यांनी घरातील एखाद्या लहान पलंगाएवढी जागा खडूने आखून पाहावी आणि तीत किती शेजारी उभे राहतात याचा प्रयोग करावा.

या गर्दीची किंमत केवळ घामाने मोजली जात नाही. मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर, रूळ ओलांडताना, गाडीतून पडून वा अन्य कारणांनी २०२३ या एका वर्षात अडीच हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. तेव्हा गाड्या वाढवा, डबे वाढवा, रूळ वाढवा ही मागणी सुखसोयीची नसून प्राणाची आहे, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. पुढे ज्या घरांविषयी सांगावयाचे आहे त्यांच्याविषयी सहानुभूती बाळगताना, दारात लोंबकळणाऱ्या प्रवाशाला विसरणे हाही एक प्रकारचा अन्यायच ठरेल.

आता रूळ वाढवावयाचे म्हणजे काय करावयाचे? ठाणे ते कुर्ला या पट्ट्याचे उदाहरण घ्यावे. येथे पूर्वी चार मार्ग होते. दोन धिम्या गाड्यांसाठी, दोन जलद गाड्यांसाठी. पण नागपूर, हावडा, पुणे, वाराणसीहून येणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाड्याही याच जलद मार्गावरून मुंबईत शिरत. सकाळच्या ऐन गर्दीत एखादी डाकगाडी उशिराने आली की तिला वाट देण्यासाठी लोकल थांबवाव्या लागत, आणि एक लोकल थांबली की तिच्यामागची सारी माळ थबकत असे. उपाय सरळ होता : पाचवा आणि सहावा मार्ग टाकावा आणि पाहुण्यांची वाट घरच्यांच्या वाटेहून वेगळी करावी. जागा रेल्वेच्याच मालकीची होती. तरीही ती मोकळी नव्हती. तीवर हजारो कुटुंबांचे संसार मांडलेले होते.

हे संसार तेथे का मांडले गेले, याचे उत्तर पुष्कळदा फार घाईने दिले जाते. आळस, अतिक्रमण, मतांचे राजकारण असे शब्द वापरून प्रश्न मिटवला जातो. वस्तुतः घाटकोपरच्या इमारतींत धुणीभांडी करणाऱ्या बाईला, कुर्ल्याच्या कारखान्यात रोजावर जाणाऱ्या माणसाला किंवा पहाटे भाजीची पाटी उचलणाऱ्या हमालाला कामाच्या ठिकाणी पायी पोचता येईल अशी जागा हवी असते. भाड्याचे घर त्याच्या मिळकतीबाहेर, आणि जेथे घर परवडते तेथून येण्याजाण्यात वेळ आणि पैसा दोन्ही सरतात. रुळांलगतची पट्टी ओसाड पडलेली होती. तेथे ताडपत्रीचे, मग पत्र्याचे आणि पुढे विटांचे घर उभे राहिले. २०११ च्या जनगणनेनुसार बृहन्मुंबईतील सुमारे ४२ टक्के लोक झोपडवस्त्यांत राहत होते. यावरून हा काही तुरळक लोकांच्या स्वभावाचा दोष नव्हता, हे उघड आहे.

रुळांकाठच्या वस्तीची आणखी एक अडचण होती. जमीन केंद्र सरकारच्या रेल्वेची असल्यामुळे राज्य सरकारला वा महापालिकेला रेल्वेच्या संमतीवाचून तेथे नळ, शौचकूप, दिवे देता येत नसत. आणि संमती दिली तर वस्तीला मान्यता दिल्यासारखे होईल म्हणून रेल्वे ती देत नसे. परिणामी शहरातील अन्य झोपडवस्त्यांना ज्या थोड्याफार सोयी पोचल्या, त्याही येथे आल्या नाहीत. पाणी दूरवरून हंड्यांनी आणावयाचे आणि प्रातर्विधीला अंधारात रुळांवर जावयाचे. काही घरे रुळापासून अवघ्या चार-पाच फुटांवर होती. मुले अंगणात खेळत, आणि अंगण म्हणजे लोहमार्ग.

आता हेच दृश्य मोटरमनच्या बाजूने पाहावे. रुळालगत माणसांची सतत ये-जा असल्यामुळे अशा पट्ट्यांत गाडीचा वेग ताशी पंधरा किलोमीटरपर्यंत उतरवावा लागे. ताशी साठ किलोमीटर वेगाने एक किलोमीटर अंतर एका मिनिटात कापले जाते. पंधराच्या वेगाने त्यालाच चार मिनिटे लागतात. तीन मिनिटे गेली तर काय बिघडले, असे कोणी म्हणेल. परंतु ज्या मार्गावर दर तीन-चार मिनिटांनी एक गाडी सुटते, त्यावर तीन मिनिटे गमावणे म्हणजे जवळजवळ एक अख्खी गाडी गमावण्यासारखे आहे. झोपडीतल्या मुलाचा जीव आणि कल्याणहून निघालेल्या कारकुनाची हजेरी या दोन गोष्टी अशा रीतीने एकाच वेगमर्यादेच्या फलकाला बांधल्या गेल्या होत्या.

हा गुंता सोडवण्याचा जो मोठा प्रयत्न झाला, तो मुंबई नागरी परिवहन प्रकल्प या नावाने ओळखला जातो. जुलै १९९९ मध्ये रेल्वे मंत्रालय आणि महाराष्ट्र शासन यांनी मिळून मुंबई रेल्वे विकास महामंडळ स्थापन केले. त्यात रेल्वेचा वाटा ५१ टक्के व राज्याचा ४९ टक्के. रस्त्यांचे व पुनर्वसनाचे काम मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे आले. जून २००२ मध्ये जागतिक बँकेने ५४ कोटी २० लक्ष डॉलरचे साहाय्य मंजूर केले. कुर्ला-ठाणे पाचवा व सहावा मार्ग, बोरिवली ते विरार दोन जादा मार्ग, विद्युत्प्रवाहाचा दाब १,५०० व्होल्टच्या एकदिश पद्धतीवरून २५,००० व्होल्टच्या प्रत्यावर्ती पद्धतीवर नेणे, नव्या गाड्या, अशी रेल्वेची कामे त्यात होती. रस्त्यांपैकी दोन प्रमुख : जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्ता आणि सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्ता. मुंबईची सारी वाहतूक उत्तर-दक्षिण धावते. पूर्वेकडून पश्चिमेला जाणे मात्र नदी ओलांडण्याइतके अवघड होऊन बसले होते. ती उणीव हे रस्ते भरून काढणार होते.

या कामांसाठी ज्यांना हलवावे लागणार होते, त्यांची संख्या प्रथम सुमारे ऐंशी हजार धरलेली होती. प्रत्यक्षात ती एक लाख वीस हजारांच्या घरात गेली. म्हणजे एखादा तालुक्याचा गाव उचलून दुसरीकडे ठेवावा, असे हे काम होते. आणि तेही गाड्या एक दिवसही न थांबवता.

अशा प्रसंगी कायदा काय सांगतो? १८९४ चा भूसंपादन कायदा जमिनीच्या मालकाला ओळखत होता. ज्याच्या नावावर जमीन नाही, तो त्या कायद्याच्या दृष्टीने तेथे नव्हताच. १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या पदपथवासीयांच्या खटल्यात उपजीविकेचा हक्क हा जीविताच्या हक्काचाच भाग असल्याचे सांगितले. नोटीस दिल्यावाचून कोणाला हुसकावता येणार नाही, एवढे त्यातून निष्पन्न झाले. मात्र पर्यायी घर दिलेच पाहिजे, असा सार्वत्रिक हक्क त्यातून मिळाला नाही. महाराष्ट्रात झोपडवासीयाला संरक्षण मिळे ते एका ठरावीक तारखेपूर्वीचा पुरावा दाखवला तर : मतदारयादीतील नाव, शिधापत्रिका वा तत्सम कागद. पुरात वा आगीत कागद गेला की माणसाचे त्या ठिकाणचे अस्तित्वच पुसले जाई.

नागरी परिवहन प्रकल्पाचे वैशिष्ट्य येथे आहे. राज्याचे माजी मुख्य सचिव द. म. सुकथनकर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या कृतिदलाच्या शिफारशींवरून मार्च १९९७ मध्ये शासनाने या प्रकल्पापुरते पुनर्वसनाचे स्वतंत्र धोरण जाहीर केले आणि डिसेंबर २००० मध्ये त्यात दुरुस्त्या केल्या. या धोरणाने जुन्या तारखेचा हट्ट सोडला. पाहणीच्या दिवशी जो तेथे राहत असेल, तो प्रकल्पग्रस्त. त्याला २२५ चौरस फूट चटईक्षेत्राचे घर विनामूल्य मिळेल. आणि लांब जावे लागले तर वाढलेल्या रेल्वेप्रवासासाठी पासाच्या हिशेबाने एकरकमी भरपाई मिळेल. जमिनीचा कागद नसलेल्या माणसाला शासनाने आपणहून मोजले, ही भारतातील नागरी कारभाराच्या इतिहासात लहान गोष्ट नव्हे.

परंतु मोजणी करावयाची कोणी? सरकारी कर्मचारी वहीपेन्सिल घेऊन वस्तीत शिरला की दारे बंद होतात. कारण आजवर मोजणीनंतर नेहमी पाडापाडीच आलेली असते. हे काम ज्यांच्यावर सोपवले गेले, त्यांत मुंबईतील 'स्पार्क' ही १९८४ मध्ये स्थापन झालेली संस्था, जॉकिन अर्पुथम यांच्या नेतृत्वाखालील झोपडवासीयांचा राष्ट्रीय महासंघ आणि 'महिला मिलन' हे वस्तीतील बायकांचे संघटन प्रमुख होते. रुळांकाठच्या रहिवाशांनी आपला स्वतंत्र संघ आधीच स्थापन केला होता. बायका दररोज रुपया-दोन रुपये बचतीसाठी गोळा करीत घरोघर हिंडत. त्यामुळे कोणत्या झोपडीत कोण राहते, कोणाची सून माहेरी गेली आहे, कोणाचा मुलगा मिळवता झाला आहे, हे त्यांना तोंडपाठ असे. कोणत्याही सरकारी दप्तरापेक्षा ही नोंद अधिक खरी होती.

मोजणीची रीत साधी होती. प्रत्येक झोपडीच्या दारावर क्रमांक रंगवावयाचा, वस्तीचा कच्चा नकाशा काढावयाचा, माणसांची नावे लिहावयाची, आणि मग यादी वस्तीतच सर्वांना दिसेल अशी लावावयाची. कोणी खोटे नाव घुसडले असेल तर शेजारीच ते बोलून दाखवत. पुढे जवळपास पन्नास-पन्नास कुटुंबांचे गट पाडून त्यांच्या सहकारी गृहनिर्माण संस्था करण्यात आल्या, म्हणजे शेजार तुटू नये. नव्या इमारती तयार नसतील तेथे आधी तात्पुरत्या संक्रमण-निवासात जावयाचे आणि मग पक्क्या घरात, असा दोन टप्प्यांचा मार्गही स्वीकारण्यात आला. रूळ लवकर मोकळे व्हावेत, ही रेल्वेची निकड त्यामुळे भागली.

मध्येच एक अनिष्ट प्रसंग ओढवला. फेब्रुवारी २००० मध्ये, धोरण अंमलात असतानाच, रेल्वेने हार्बर मार्गालगतच्या दोन हजारांहून अधिक झोपड्या पाडल्या. ज्या लोकांनी आपली घरे स्वतः मोजून दिली होती, त्यांचा विश्वास त्या दिवसांत कोठे उरला असेल? रहिवासी संघाने लोकांना शांत ठेवले, बोलणी केली आणि पाडापाडी थांबली. त्यानंतरच्या काळात जे घडले ते अधिक लक्षणीय आहे : साठ हजारांच्या आसपास माणसे पोलिसांच्या लाठीवाचून, स्वतःच्या हातांनी पत्रे उतरवून रुळांपासून दूर गेली. उंबरठा स्वतः उचलणे आणि तो दुसऱ्याने उखडून टाकणे, यांत जो फरक आहे तो खर्चाच्या पत्रकात दिसत नाही.

इथवरची कथा समाधानाची आहे. पुढची तशी नाही, आणि पुनर्वसनाचा खरा विचार तेथूनच सुरू होतो.

एवढी घरे बांधावयास पैसा आणि जमीन आणावयाची कोठून? त्यासाठी हस्तांतरणीय विकास हक्काची युक्ती योजण्यात आली. खाजगी जमीनमालकाने वा विकासकाने आपल्या भूखंडावर घरे बांधून ती प्राधिकरणास विनामूल्य द्यावीत. त्या बदल्यात त्याला शहराच्या अन्य भागात तेवढे अधिक बांधकाम करण्याचा हक्क मिळावा, आणि तो हक्क त्याने बाजारात विकावा. तिजोरीला भार न पडता हजारो घरे उभी राहिली. युक्ती कुशल होती, यात शंका नाही. पण बाजाराचा एक साधा नियम आहे. ज्याला हक्क महाग विकावयाचा आहे, तो घरे बांधावयास जमीन स्वस्त शोधणार. स्वस्त जमीन होती मानखुर्द, गोवंडी, चेंबूरपलीकडचा वाशी नाका या पूर्वेकडील टोकाला. देवनारच्या कचराभूमीच्या आणि रासायनिक कारखान्यांच्या शेजारी. लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड, वाशी नाका ही नावे मग पुनर्वसनाच्या वसाहती म्हणून मुंबईकरांच्या परिचयाची झाली. जोगेश्वरीच्या मजास येथे किंवा वडाळ्यात ज्यांना घर मिळाले ते त्यातल्या त्यात भाग्यवान. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात महापालिकेचा 'एम पूर्व' हा विभाग, म्हणजे गोवंडी-मानखुर्दचा परिसर, शहरातील सर्व विभागांत तळाशी होता. सर्वाधिक गरजू लोकांची भर नेमकी तेथे पडली.

म्हणजे झाले असे की, वाहतूक सुधारण्यासाठी ज्यांनी जागा सोडली, त्यांनाच प्रवासाची नवी गरज चिकटली. कुर्ल्याला पायी कामावर जाणारी बाई आता मानखुर्दहून येणार. तिच्या चार घरच्या कामांपैकी सकाळी सहाचे पहिले काम सुटले, कारण त्या वेळेला पोचता येत नाही. आणि उरलेल्या तिन्हींच्या पगारातून पासाचे, बसभाड्याचे पैसे वजा. एकरकमी भरपाई मिळाली ती घर लावण्यातच संपली. विस्थापिताला किती चौरस फूट मिळाले, हे सरकारी अहवाल अचूक सांगतो. त्याचे काम आणि त्याचे घर यांतील अंतर किती मिनिटांनी वाढले, याचा रकाना त्या अहवालात क्वचितच असतो. वास्तविक परिवहन प्रकल्पाने तरी तो ठेवावयास हवा होता. माणसाची मिनिटे वाचवणे हेच तर त्याचे घोषित कार्य. प्रवाशाची तीन मिनिटे मोजणाऱ्या यंत्रणेने विस्थापिताचा तास मोजला नाही, हा या प्रकल्पातील सर्वात मोठा दोष मानावा लागेल.

मुंबईच याला अपवाद आहे असे नाही. २००४ साली दिल्लीत यमुना पुश्त्यावरील वस्त्या उठवून अनेक कुटुंबांना शहराच्या उत्तर टोकाला बवाना येथे पाठवण्यात आले. चेन्नईत नदीनाल्यांकाठचे लोक दक्षिणेच्या कण्णगी नगरात नेण्यात आले. सर्वत्र जमीन स्वस्त तेथे घर आणि घर तेथून काम दूर, हाच क्रम. फरक असेल तर तो एवढाच की मुंबईत माणसे आधी मोजली गेली आणि त्यांना बांधलेले घर मिळाले. इतर ठिकाणी पुष्कळांना नुसता भूखंड मिळाला आणि काहींना तोही नाही.

दुकानदारांचा प्रश्न आणखी निराळा. सांताक्रूझ-चेंबूर रस्त्याच्या रेषेत कुर्ल्याच्या किस्मतनगरमधील दुकाने येत होती. घर कोठेही थाटता येते, परंतु दुकानाचे गिऱ्हाईक त्याच्याबरोबर स्थलांतर करीत नाही. मोठी दुकाने, छोटे कारखाने चालवणाऱ्यांना २२५ चौरस फुटांचा गाळा म्हणजे धंदा बंद करण्याची नोटीसच होती. त्यांनी २००४ मध्ये जागतिक बँकेच्या तपासणी मंडळाकडे तक्रारी नेल्या. डिसेंबर २००५ च्या अहवालात मंडळाने पुनर्वसनाच्या नियोजनातील उणिवांवर कडक ताशेरे ओढले; विस्थापितांची संख्या आरंभी कमी धरली गेली, हा त्यांतील एक. मार्च २००६ मध्ये बँकेने रस्ते व पुनर्वसन यांसाठीच्या रकमा रोखल्या. सुधारणांचे आश्वासन व त्यावरील कार्यवाही पाहून त्याच वर्षाच्या मध्यास त्या पुन्हा खुल्या केल्या. सांताक्रूझ-चेंबूर रस्ता, ज्याची लांबी साडेसहा किलोमीटरही नाही, वाहतुकीला खुला झाला तो एप्रिल २०१४ मध्ये. घाईने केलेली गणना शेवटी कामालाच वर्षानुवर्षे रखडवते, हे ज्यांना प्रशासनाच्या नीतीत रस नाही त्यांनाही पटावे.

नव्या घरात गेलेल्या कुटुंबाचा दिवस कसा असतो, हेही थोडे पाहिले पाहिजे. पंधरा फूट लांब आणि पंधरा फूट रुंद एवढी जागा, तीत मोरी, शौचकूप, ओटा. दाराला आतून कडी आहे, नळ घरात आहे, मुलगी रात्री शौचाला एकटी जाऊ शकते. रुळांकाठी जी आयुष्य काढते, तिलाच या तीन गोष्टींचे मोल कळते, आणि बहुतेक बायका तिकडे परत जाण्याचे नाव काढीत नाहीत. पण इमारत सात मजल्यांची. तिला उद्वाहक आहे, पाणी चढवणारा पंप आहे, जिन्यात दिवे आहेत. या साऱ्यांचे वीजबिल आहे. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेच्या नियमात देखभालीसाठी दर घरामागे २०,००० रुपयांची ठेव विकासकाने ठेवावी, असे होते. आठ टक्के व्याज धरले तरी महिन्याला एकशे तेहतीस रुपये होतात. तेवढ्यात उद्वाहक किती दिवस चालणार? तो बंद पडला की म्हातारी माणसे सातव्या मजल्यावर अडकतात. ज्या झोपडीत पोट भरण्यापुरते पापड लाटता येत, दारात भाजी मांडता येई, तेथे उत्पन्न आणि निवास यांची भिंत एकच होती. वरच्या मजल्यावर गिऱ्हाईक चढत नाही.

आणखी एक गोष्ट अशी की, कमी जागेत अधिक घरे बसवण्यासाठी बांधकामाच्या नियमांत सवलती दिल्या गेल्या. काही ठिकाणी दोन इमारतींमध्ये अवघे तीन मीटर अंतर उरले. खालच्या मजल्यांवर भरदुपारी दिवा लावावा लागतो. २०१८ मध्ये पुढे आलेल्या एका अभ्यासात लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड अशा वसाहतींतील क्षयरोगाचा संबंध खेळत्या हवेच्या आणि सूर्यप्रकाशाच्या अभावाशी असल्याचे दाखवले गेले. गाडीखाली सापडण्याच्या भयातून सुटलेल्या मुलाला श्वासाचा आजार गाठतो, हे कोणत्याही नियोजनकाराला अस्वस्थ करणारे आहे. आणि हे टाळता येण्यासारखे होते, म्हणून अधिकच. इमारतींमधील अंतर थोडे वाढवावयाचे तर एकाच भूखंडावरील काही घरे कमी करून दुसरा भूखंड घ्यावा लागला असता, एवढाच त्याचा खर्च.

दुसऱ्या बाजूला रेल्वेच्या पदरात काय पडले, तेही सांगितले पाहिजे. कुर्ला-ठाणे आणि बोरिवली-विरार येथील जादा मार्ग झाले. नव्या हवेशीर गाड्या आल्या, नऊ डब्यांच्या गाड्यांच्या जागी बारा डब्यांच्या आल्या. विजेचा दाब बदलण्याचे काम २०१६ मध्ये हार्बर मार्गावर पूर्ण झाले. जास्त दाबाने वीज नेली की तारेत वाया जाणारी वीज घटते आणि गाड्यांना अधिक जोराने वेग घेता येतो. मोकळ्या झालेल्या पट्ट्यांतून गाड्या पूर्ण वेगाने धावू लागल्या. तरी गर्दी हटली का? नाही. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ भरगच्च गाड्यांच्या दारांतून प्रवासी खाली पडून मृत्यू पावले. वाढलेली प्रत्येक गाडी अंबरनाथ-बदलापूर, वसई-विरारकडे नव्याने राहावयास गेलेल्या माणसांनी भरून टाकली. कारण मुंबईत घर परवडत नाही, हे मूळ दुखणे जेथल्या तेथे राहिले. ज्याला परवडले तो बदलापूरला गेला, ज्याला तेही परवडले नाही तो रुळांकाठी राहिला. गाडीतला माणूस आणि गाडीबाहेरचा माणूस हे एकाच टंचाईचे दोन ग्राहक आहेत.

त्यामुळेच पुनर्वसनाच्या जागेची निवड हा वाहतूक खात्याचा विषय ठरतो. विस्थापितांची वसाहत स्थानकापासून पायी किती दूर, पहिली बस पहाटे किती वाजता, जुन्या कामापर्यंत पोचण्यास किती वेळ, हे प्रश्न भूखंड घेण्यापूर्वी विचारले गेले तर काही भूखंड बाद होतील आणि काही घरे महाग पडतील. पडू द्यावीत. प्रकल्पाच्या खर्चात पूल, खांब, सिग्नल यांची किंमत धरतात तशी ही किंमतही प्रथमपासून धरली पाहिजे. नागपूर, पुणे, इंदूर, दिल्ली अशा ज्या शहरांत मेट्रोचे खांब उभे राहिले आहेत, तेथील मराठी श्रोत्यांच्या दारापर्यंतही हा प्रश्न पोचलेलाच आहे. २०१३ च्या नव्या भूसंपादन कायद्याने मालकाखेरीज जमिनीवर उपजीविका असलेल्यांचीही दखल घेतली. मात्र सरकारी जमिनीवरील झोपडवासीयाचे भवितव्य अद्यापही बव्हंशी त्या त्या प्रकल्पाच्या धोरणावर आणि त्या त्या अधिकाऱ्याच्या विवेकावर सोडलेले आहे.

काम अपुरे आहेच. ठाण्यापासून दिव्यापर्यंतचा पाचवा व सहावा मार्ग फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाला. कुर्ल्यापासून दक्षिणेकडे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंतच्या पाचव्या-सहाव्या मार्गाला मात्र २००८ मध्ये मंजुरी मिळूनही २०२५ पर्यंत तो पुरा झाला नव्हता. त्या पट्ट्यात शीवचा जुना पूल होता, दाट इमारती आहेत, आणि रुळांना खेटून घरे आहेत. पूल पाडण्याचे काम २०२४ मध्ये सुरू झाले.